डार्क फँटसी लिहिणाऱ्याचा दिवस कसा असतो? नोकरी सोडण्याच्या विचारात असलेल्या एका लेखकाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न काल वाचला होता. आज सकाळचं लेखन आटोपल्यावर पुन्हा नीट वाचला आणि मगच उत्तर लिहायला बसले. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही दिवसा नोकरी करता आणि रात्री बारानंतर डार्क फँटसी, म्हणजे जादूच्या जगातली भयाच्या छायेतली, कादंबरी लिहिता. पहिली चाळीस पानं झपाट्याने झाली. नायिका मेलेल्या भावाला परत आणण्यासाठी विधी करते, त्या प्रसंगापाशी येऊन तुम्ही चार महिने अडकला आहात. लिहिलं की झोप लागत नाही, दुसरा दिवस चिडचिडीत जातो. म्हणून तुम्ही विचारताय की नोकरी सोडून पूर्णवेळ स्वतंत्र लेखक व्हावं का, आणि अशा लेखकाचा रोजचा दिवस असतो तरी कसा.

मी हे काम अकरा वर्षं करतेय. पहिली पाच नोकरी सांभाळून, नंतरची सहा पूर्णवेळ. सात कादंबऱ्या आणि दोन कथासंग्रह मी स्वतःच प्रकाशित केले. त्या अनुभवावरून मला वाटतं, तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक, लिहायला वेळ पुरत नाही. दुसरी, लिहून झाल्यावर त्या जगातून बाहेर पडता येत नाही. नोकरी सोडल्याने पहिली थोडीफार सुटेल. दुसरी मात्र वाढेल. आज सकाळ झाली की ऑफिस तुम्हाला हाताला धरून बाहेर काढतं. उद्या ते तुमचं तुम्हालाच करावं लागेल. या कामात अंधारात शिरण्याबद्दल सगळे बोलतात, परत कसं यायचं याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. माझ्या दिवसाची सगळी आखणी मात्र त्या परतीभोवतीच झाली आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच मान्य करते. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, शिलकीत काही नसेल, तर माझं वेळापत्रक तुम्हाला जसंच्या तसं लागू पडणार नाही. काहींच्या डोक्याला खरोखरच रात्रीच जाग येते, अशी माणसं मी पाहिली आहेत. आणि झोप न लागणं, उदास वाटणं हे लेखनाच्या आधीपासूनचं असेल, किंवा लेखन आठ-पंधरा दिवस थांबवूनही कमी होत नसेल, तर ते लेखनाच्या सवयी बदलून जाणार नाही. त्यासाठी डॉक्टरांकडे जा. अंधाराबद्दल लिहिणाऱ्याने स्वतः अंधारातच राहिलं पाहिजे, ही समजूत मी काही वर्षं उराशी बाळगली होती. तिच्यामुळे माझं लेखन सुधारलं नाही, तब्येत मात्र बिघडली.

आता दिवसाबद्दल. मी सकाळी साडेसहा ते दहा लिहिते. खिडकी उघडी, पडदे बाजूला, शक्य तितका उजेड. ऐकून तुमची निराशा होईल, पण हे फार ठेच लागून ठरवलेलं आहे. नोकरीच्या काळात मीही तुमच्यासारखीच रात्री लिहायचे. घर झोपलेलं, टेबलावर एकच दिवा, बाहेर कुठेतरी पत्रा वाजतोय. लिहिताना माझ्याच अंगावर काटा यायचा आणि वाटायचं, आज काय उतरलंय! नंतर तीच पानं भर दुपारी वाचली की त्यात काहीच नसायचं. बऱ्याच काळाने कारण लक्षात आलं. भीती खोलीत होती, पानावर नव्हती. रात्र, एकटेपणा, दमलेलं शरीर यांनी मला घाबरवलं होतं आणि त्याचं श्रेय मी माझ्या वाक्यांना देत होते. वाचकाकडे ती खोली नसते. तो दुपारी गर्दीत उभ्याने वाचतो, मोबाइलवर वाचतो, कोणाची तरी वाट बघत बसलेला असताना वाचतो. सकाळच्या उन्हात लिहिलेलं एखादं वाक्य मला अस्वस्थ करून गेलं, तर ते त्यालाही करेल, एवढा भरवसा मला आता वाटतो.

हे एका उदाहरणाने दाखवते, कारण नुसतं सांगून ते पटत नाही. माझ्या तिसऱ्या कादंबरीत विहिरीवरचा एक प्रसंग आहे. रात्री लिहिलेला पहिला खर्डा असा होता: "त्या भयाण, काळ्याकुट्ट रात्री विहिरीच्या अथांग तळातून एक अमानुष आवाज उमटला आणि तिचं रक्त गोठलं." त्या वेळी मला हे वाक्य फार आवडलं होतं. यात भयाण, अमानुष, अथांग हे सगळे शब्द वाचकाला सांगतात की आता घाबर. घाबरण्यासारखं मात्र त्याच्या समोर काहीच ठेवत नाहीत. पुढे सकाळी बसून तोच प्रसंग पुन्हा लिहिला तेव्हा तो असा झाला: "तिने दोर ओढला. घागर वर आली, काठोकाठ भरलेली. तिने ती कडेवर घेतली आणि थबकली. घागरीला वजन नव्हतं. घरापर्यंत ती एका हाताने धरून चालत आली, आणि वाटेत भेटलेल्या कोणालाच त्यात नवल वाटलं नाही."

रात्र गेली, आवाज गेला, रक्त गोठणं गेलं. राहिली ती शरीराला माहीत असलेली एक गोष्ट, भरलेल्या घागरीचं वजन. तेवढी एकच गोष्ट मी मोडली. आणि दुसरं म्हणजे गावातल्या कोणालाच नवल वाटत नाही, म्हणजे ही गोष्ट इथे पूर्वीही घडलेली आहे. डार्क फँटसीचं मर्म मला इथे दिसतं. नुसत्या भयकथेत आपल्या ओळखीच्या जगात काहीतरी बाहेरून घुसतं. आपल्या प्रकारात त्या जगाचे नियमच तसे असतात आणि माणसं त्या नियमांत जगत असतात. त्या कादंबरीतला नियम असा होता की मेलेल्यांनी हात लावलेली वस्तू वजन हरवते. वाचकाला हा नियम मी कुठेच सांगितला नाही. साठ पानांनंतर तीच बाई झोपलेल्या मुलाला उचलून घ्यायला वाकते आणि तो तिला हलका लागतो. तिथे प्रकरण संपतं.

ज्या पानावर मला सगळ्यात जास्त वेळ लागतो ते असं पान असतं, म्हणून यावर जरा थांबते. आपल्या परंपरेत भयानक आणि बीभत्स हे दोन रस वेगळे मानलेत, एकाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, भय आणि दुसऱ्याचा जुगुप्सा, म्हणजे किळस. नाट्यशास्त्राच्या आठ रसांतले हे दोन लागोपाठचे रस, पण त्यांची जातकुळी निराळी. इंग्रजीत गॉथिक, म्हणजे गूढ आणि भयाच्या वातावरणातल्या, कादंबऱ्या लिहिणाऱ्या अ‍ॅन रॅडक्लिफचा एक लेख तिच्या मृत्यूनंतर १८२६ साली छापला गेला. त्यात तिनेही साधारण असाच भेद केला आहे: येऊ घातलेल्याची भीती मनाला जागं करते, विस्तारते, आणि समोर उघडं पडलेलं भीषण दृश्य मनाला आकसून थिजवतं. खर्डा वाचताना मी समासात भ किंवा बी असं एक अक्षर लिहीत जाते. लागोपाठ तीन-चार बी आले की समजायचं, माझी कल्पना थकली आहे आणि मी रक्तमांसावर वेळ मारून नेतेय. बीभत्स वर्ज्य नाही. पण ते शेवटी, थोडं आणि एकदाच आलं तर लागतं. रात्री दमलेलं डोकं बीभत्साकडे चटकन वळतं, हाही माझा अनुभव आहे. तुमच्या चाळीस पानांवर हा प्रयोग करून बघा.

"पण मला सकाळी ऑफिस असतं" असं तुम्ही म्हणाल. तर दीड तास लवकर उठा, आणि त्यासाठी रात्री तेवढंच लवकर झोपा. अँथनी ट्रोलप हा एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश कादंबरीकार वर्षानुवर्षं टपाल खात्यात नोकरी करत होता. तो पहाटे उठून, घड्याळ समोर ठेवून, दर पाव तासाला २५० शब्द या गतीने लिहायचा आणि मग कामावर जायचा. त्याच्या आत्मचरित्रात हे सगळं आहे. मला तो वेग जमत नाही. चांगल्या सकाळी माझे ८०० शब्द होतात, अवघड प्रसंग असेल तर ३००. पण ३०० शब्द रोज, आठवड्यात पाच दिवस, असं धरलं तरी वर्षाला ७५,००० च्या वर जातात, आणि एका कादंबरीला तेवढे बहुतेक वेळा पुरतात. तुमचा नोकरीचा दिवस एवढी जागा देऊ शकतो. म्हणूनच वेळेची अडचण तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही, असं मला वाटतं.

आता परत येण्याबद्दल. मी लेखन कधीही प्रसंगाच्या टोकावर थांबवत नाही. पूर्वी थांबायचे. राक्षस दारात आला की वही मिटायची, म्हणजे उद्या उत्साहाने बसता येईल. उत्साह वगैरे राहायचा बाजूला, तो राक्षस दिवसभर माझ्याबरोबर दारात उभा असायचा. जेवताना, बोलताना, झोपताना डोक्याचा एक कोपरा तिथेच. आता मी टोक ओलांडते आणि पुढच्या एखाद्या साध्या कृतीच्या मध्यावर थांबते. कोणीतरी जखम धुतंय, कोणी कंदिलाची काच पुसतंय. उद्या ती काच पुसून पूर्ण करायची आहे एवढंच डोक्यात राहतं. त्यावर झोप उडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहिलं वाक्य आयतं मिळतं.

मग एका वेगळ्या वहीत दोन ओळी लिहिते: पात्रं आत्ता कुठे आहेत आणि मला पुढे काय माहीत आहे. डोक्याला खात्री पटावी लागते की हे कुठेतरी नोंदलं गेलंय, आता आपण ते धरून ठेवायला नको. दोन ओळी लिहायला दोन मिनिटं लागतात, पण त्या चुकवल्या तर तो प्रसंग रात्री अंथरुणात पुन्हा सुरू होतो. मग खुर्चीतून उठते, खोलीतून बाहेर पडते आणि अर्धा तास चालते. चालताना कानात काही नाही, पुस्तकाचा विचार आला तर येऊ देते, पण टिपून घेत नाही.

आणि मग येतं हिशेबाचं काम. स्वतंत्र लेखकाच्या दिवसाचा निम्मा भाग लेखन नसतोच, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल तर मी सांगते. विक्रीचे आकडे, जाहिरातीचा खर्च, संपादकाच्या दुरुस्त्या, वाचकांच्या ई-मेल, मुखपृष्ठकाराशी बोलणं, पावत्या. पहिली दोन वर्षं मला हे काम कपाळावर आलेलं ओझं वाटायचं. मग लक्षात आलं की मला त्या जगातून ओढून बाहेर आणायला याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. मेलेल्या मुलाला उचलणाऱ्या आईपाशी अडीच तास बसल्यावर आकड्यांचा तक्ता समोर घेतला की दहा मिनिटांत श्वास खाली येतो. बेरीज चुकते, पुन्हा करावी लागते, आणि बेरजेला भीती कळत नाही. त्यामुळे मी हे काम मुद्दाम लेखनाच्या लगेच नंतर ठेवते. तुमच्यासाठी सध्या हेच काम ऑफिस करतंय. रात्री लिहिल्यामुळे ते लेखनाच्या नंतर येत नाही, आधी येतं, एवढीच गडबड आहे.

या दुसऱ्या पाळीत काय काय असतं याची कल्पना यावी म्हणून एक प्रसंग सांगते. चौथ्या कादंबरीचं मुखपृष्ठ स्क्रीनवर अप्रतिम दिसत होतं. गर्द निळं-काळं जंगल आणि झाडांच्या मधोमध पाठमोरी एक मुलगी. छापील प्रूफ कॉपी, म्हणजे विक्रीआधी तपासायची प्रत, हातात आली तेव्हा मुलगी गायब होती. झाडंही गायब. काळा आयत आणि वर नाव. कारण साधं आहे. स्क्रीन स्वतः प्रकाश फेकतो, कागद फक्त समोरचा प्रकाश परतवतो. स्क्रीनवरचे लाल-हिरवा-निळ्यातून आलेले रंग छपाईच्या चार शाईंमध्ये उतरतात तेव्हा काळ्याच्या जवळपासच्या सगळ्या छटा एकमेकींत बुडून जातात. आपल्या प्रकारातली बहुतेक मुखपृष्ठं काळपटच असतात, त्यामुळे हा फटका आपल्याला हमखास बसतो. मुखपृष्ठकाराने सावल्या उचलल्या, मुलीच्या कडेने फिकट धुकं आणलं, आणि दुसऱ्या प्रूफमध्ये ती दिसली. तेव्हापासून मी छापील प्रूफ खिडकीजवळ धरून पाहिल्याशिवाय पुस्तक विक्रीला लावत नाही. शिवाय मुखपृष्ठ नखाएवढं लहान करून बघते, कारण ऑनलाइन दुकानात वाचकाला ते आधी तेवढंच दिसतं. आणि पानांची संख्या पक्की होईपर्यंत पूर्ण मुखपृष्ठाची फाइल करून घेऊ नका. पुस्तकाच्या कण्याची, म्हणजे पाठीच्या पट्टीची, जाडी पानांवर ठरते. ऐनवेळी एक प्रकरण काढलं की कण्यावरचं नाव सरकतं.

दुपारनंतर मी वाचते आणि नोंदी नीट करते. प्रत्येक मालिकेसाठी माझी एक नोंदवही आहे: पात्रांचे डोळे, जखमा, वयं, जादूचे नियम, कोणाला काय माहीत आहे आणि कधीपासून. ही वही मी उशिरा सुरू केली. दुसऱ्या पुस्तकात डावा हात गमावलेला माणूस तिसऱ्या पुस्तकाच्या खर्ड्यात दोन्ही हातांनी कुऱ्हाड धरून उभा होता. एका बीटा वाचकाने, म्हणजे प्रकाशनाआधी खर्डा वाचून मत देणाऱ्याने, ते पकडलं. आपल्या प्रकारात जादू असल्यामुळे वाचक अशा चुकीला चूक मानत नाही, तो तिला खूण समजतो. हात परत आला म्हणजे यात काहीतरी रहस्य असणार, असं धरून तो शंभर पानं वाट बघतो. म्हणून ही वही ठेवायचीच, अगदी पहिल्या पुस्तकापासून.

आता एक गोष्ट मला तुमच्यापर्यंत नक्की पोचवायची आहे. हलक्या लागलेल्या मुलाचं ते पुस्तक प्रकाशित झाल्यावर काही महिन्यांनी एका वाचक बाईंची ई-मेल आली. त्यांचं मूल गेलं होतं. पुस्तक वाईट आहे असं त्यांनी लिहिलं नव्हतं. त्यांनी एवढंच लिहिलं होतं की आधी कळलं असतं तर मी ते त्या वर्षी हातात घेतलं नसतं. त्या दिवशी मी काहीही लिहिलं नाही. नंतर प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला एक छोटी सूचना घालायला लागले. या पुस्तकात कोणते प्रसंग आहेत ते सविस्तर शेवटच्या पानावर दिलं आहे, ज्यांना हवं त्यांनी आधी बघावं, अशी. ई-बुकमध्ये तिथे थेट दुवा असतो. कथेचा उलगडा होऊ नये असं वाटणारा वाचक ते पान उघडत नाही, ज्याला गरज आहे तो उघडतो. अशा सूचनांनी भीतीची धार जाते असं म्हणणारे लेखक आहेत. माझ्या पुस्तकांबाबत तसं झालेलं नाही. आपण माणसांना स्वतःहून अंधारात बोलावतो, तर पायरी कुठे आहे हे सांगणं आपल्याकडे लागतं असं मला मनापासून वाटतं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: प्रसंग उजेडात लिहा, टोकाच्या पलीकडे थांबा, दोन ओळींची नोंद करा, आणि लगेच पुढे एखादं रुक्ष काम ठेवा. हे सगळं नोकरी न सोडताही जमतं.

मग नोकरी कधी सोडावी? मला विचाराल तर आत्ता नाही. पैशांबद्दल मी रक्कम सांगणार नाही, ती प्रत्येकाची वेगळी. पण पैसे कसे येतात ते समजून घ्या, कारण त्यावरच बरेच निर्णय ठरतात. अ‍ॅमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे लेखकाला स्वतः पुस्तक प्रकाशित करू देणाऱ्या सेवेवर, एखाद्या महिन्यात झालेल्या विक्रीची रॉयल्टी तो महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी हातात पडते. जानेवारीत आलेल्या पुस्तकाचे पहिले पैसे मार्चअखेर. पण संपादक, मुखपृष्ठकार, मुद्रितशोधक यांना जानेवारीच्या आधीच दिलेले असतात. म्हणजे प्रत्येक पुस्तक तुम्ही काही महिने स्वतःच्या खिशातून पोसता. पगार नसताना हे करायचं तर शिल्लक हवी, आणि तीही घरखर्चाची वेगळी, पुस्तकाची वेगळी.

दुसरा निर्णय एकाच दुकानात राहायचं की सगळीकडे जायचं याचा. केडीपी सिलेक्ट या केडीपीच्याच योजनेत नाव घातलं की पुस्तक किंडल अनलिमिटेडच्या, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या वर्गणी भरून ई-बुक वाचायच्या सेवेच्या, सभासदांना वाचायला मिळतं, पण त्या बदल्यात ९० दिवस ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, स्वतःच्या वेबसाइटवरही नाही. छापील पुस्तकाला ही अट नाही. जुलै २०१५ पासून तिथे मोबदला वाचल्या गेलेल्या पानांवर मिळतो. त्याआधी वाचकाने पुस्तकाचा दहावा हिस्सा ओलांडला की ठरलेला वाटा मिळायचा, मग पुस्तक लहान असो की मोठं. पानांवर मोबदला आल्यापासून लांब कादंबऱ्यांना, आणि वाचक एका भागातून पुढच्या भागात जातो अशा मालिकांना, ही व्यवस्था सोयीची झाली. डार्क फँटसी बहुधा तशीच असते. माझी एक मालिका तिथे आहे, दुसरी सगळीकडे आहे. पहिलीतून उत्पन्न जास्त येतं. दुसरीमुळे मला झोप लागते, कारण एका कंपनीने नियम बदलला तरी माझं सगळं घर त्यावर उभं नसतं. घाबरून उडी मारू नका आणि शेजारी उडी मारतोय म्हणूनही नाही. आधी एक पुस्तक पूर्ण करा.

माझी स्वतःची अट तीन पुस्तकांची होती. तीन पूर्ण केलेली, प्रकाशित केलेली पुस्तकं, आणि त्यातल्या दोन पुस्तकांचा तरी खर्च भरून निघालेला. तेवढं झाल्यावरच मी राजीनामा दिला. तीन का, तर पहिलं पुस्तक आयुष्यभर साचलेल्या गोष्टींवर निघतं. दुसऱ्यात कळतं की साठा संपल्यावर आपण काय करतो. तिसऱ्यापर्यंत आपला वेग आणि आपलं बिघडणं दोन्ही ओळखीचं होतं. तुमची अट वेगळी असू शकते, पण ती आकड्यात लिहून ठेवा. चांगल्या मनःस्थितीच्या रात्री राजीनामा फार सोपा वाटतो.

एकटेपणाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी दोन वाक्यं. ऑफिस सुटल्यावर माझ्या लक्षात आलं की कधीकधी चार-चार दिवस मी फक्त पात्रांशी बोललेली असते. आता आम्ही तीन लेखक दर आठवड्याला ठरलेल्या वेळी फोनवर भेटतो, आणि पहिली दहा मिनिटं पुस्तकांबद्दल बोलायचं नाही असा नियम आहे.

राहिलं तुमचं एक्केचाळिसावं पान. तुम्ही अडकलाय ते वेळ नाही म्हणून नाही, असा माझा अंदाज आहे. भाऊ परत आल्यावर त्याची किंमत कोण चुकवणार, हे तुम्ही अजून ठरवलेलं नाही. ते ठरलेलं नसलं की विधीचा प्रसंग कितीही वेळा लिहा, त्यात मंत्र, धूर, रक्त आणि वारा एवढंच येत राहतं. तुम्ही त्याचे सहा खर्डे केलेत असं लिहिलंय, त्यात हेच आलं असणार. म्हणून विधी तूर्त सोडून द्या. या शनिवारी सकाळी उजेडात बसा आणि विधी झालेला आहे असं धरून पुढचं पान लिहा. सकाळ आहे, भाऊ घरात आहे, नायिका त्याला बघतेय. तो सगळं बरोबर करतोय. नाव ओळखतो, जागा ओळखतो, लहानपणची गोष्ट आठवते. घरातली एकच वस्तू त्याला ओळखता येत नाही. तो ती हातात घेऊन उलटसुलट करून बघतो आणि जागेवर ठेवून देतो. ती कोणती वस्तू आहे आणि तीच का, हे नायिकेला कळण्याआधी तुम्हाला कळलं पाहिजे. ते पान भाऊ ती वस्तू खाली ठेवतो तिथे संपवू नका. त्यानंतर नायिका उठून दार लोटते किंवा केस बांधायला घेते, तिथे मध्येच थांबा, दोन ओळींची नोंद करा आणि फिरून या. विधी दुसऱ्या आठवड्यात लिहा, मागे जाऊन. तोपर्यंत तुम्हाला ठाऊक झालेलं असेल की त्या रात्री तिने नकळत काय देऊन टाकलं.